पॅनेल स्वस्त झालं, मग गाडं अडलंय कुठे?

सोलर म्हणजे श्रीमंतांची हौस, सरकारने पैसे ओतायचे थांबवले की उद्या सगळं बंद, असं ठासून सांगणारे लोक अजून भेटतात. आणि दुसऱ्या टोकाला असेही भेटतात की पॅनेल एवढं स्वस्त झालंय तर सगळी वीज सूर्यावरच का नाही करत, कोळसावाल्यांचं कारस्थान, दुसरं काय. मला दोन्ही पटत नाही. का पटत नाही ते जरा पसरून सांगतो, कारण मधल्या भागातच खरी गंमत आहे आणि तो भाग बोअरिंग म्हणून कोणी सांगत नाही.

आधी स्वस्ताईचं बघू. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये सिलिकॉनचा कामाचा असा पहिला सोलर सेल बनला, अंगावर पडलेल्या उजेडापैकी साधारण ६ टक्क्यांची वीज करायचा. इतका महाग की परवडायचा फक्त उपग्रहांना, १९५८ चा व्हॅनगार्ड-१ सोलर सेल घेऊनच वर गेला. १९७० च्या दशकाच्या मध्यात एका वॅटच्या पॅनेलला आजच्या हिशेबात १०० डॉलरच्या आसपास पडायचे, आज तेच वीस सेंटच्याही खाली आलंय. कुठला एक मोठा शोध लागला आणि भाव पडला असं झालेलं नाही. जगात आजवर बनलेल्या एकूण पॅनेलचा आकडा दुप्पट झाला की किंमत साधारण २० टक्क्यांनी खाली येते, मग परत दुप्पट, परत २० टक्के, असं सलग चाळीस-पन्नास वर्षं चाललंय. बनवत राहिलं की बनवायचं कसं ते कळत जातं, एवढंच.

पण मग महाग असताना विकत घेतलं कोणी? इथे पॉलिसी येते. जर्मनीने २००० साली कायदा केला की जो कोणी सोलर किंवा पवनचक्की लावेल त्याची वीज ठरलेल्या दराने २० वर्षं घेतली जाईल, लेखी गॅरंटी. त्यामुळे बँका कर्ज द्यायला लागल्या, मागणी वाढली, चीनने ती बघून अवाढव्य कारखाने टाकले, आणि आज पॅनेल बनवायच्या प्रत्येक टप्प्यात चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे. जर्मन ग्राहकाने वर्षानुवर्षं बिलात जास्तीचे पैसे भरले आणि फायदा सगळ्या जगाला झाला. काही लोक याला जर्मनीचा मूर्खपणा म्हणतात. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत ऊर्जेवर झालेला हा सगळ्यात सत्कारणी लागलेला सरकारी खर्च आहे, फक्त ज्यांनी भरला त्यांना त्याचं श्रेय मिळालं नाही.

आता बातम्या वाचताना हमखास फसवणारी एक गोष्ट. मेगावॉट आणि युनिट. मेगावॉट म्हणजे वेग, युनिट म्हणजे प्रत्यक्षात मिळालेला माल. १,००० मेगावॉटचा सोलर प्रकल्प आणि १,००० मेगावॉटची अणुभट्टी, बातमीत दोन्ही सारखेच दिसतात, पण रात्र, ढग, तिरपी उन्हं सगळं धरलं की वर्षभरात सोलर आपल्या ताकदीच्या १५ ते २५ टक्केच वीज देतो आणि नीट चालवलेली अणुभट्टी ९० टक्क्यांच्या आसपास देते. म्हणून एवढे गिगावॉट (एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट) बसवले अशी घोषणा आली की मी आधी युनिट शोधतो, आणि ते बहुतेक वेळा दिलेले नसतात. याचा अर्थ सोलर वाईट असा अजिबात नाही, इंधनाला पैसे पडत नसतील तर २० टक्केही चालतात की. पण तुलना करायची तर युनिटने करा.

बॅटरीच्या बातमीत तर दोन आकडे लागतात. दक्षिण ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये हॉर्न्सडेलला बसवलेली बॅटरी सुरुवातीला १०० मेगावॉट आणि १२९ मेगावॉट-तासांची होती. म्हणजे पूर्ण जोर लावला तर १०० मेगावॉट द्यायची, पण सव्वा तास, नंतर रिकामी. बातमीत फक्त पहिला आकडा आला असेल तर अर्धीच माहिती मिळाली समजा.

बरं, आता मुद्द्याचं. वीज साठवायची सोय फार थोडी असल्यामुळे ग्रिडमध्ये, म्हणजे वीज केंद्रं आणि घरं-कारखाने जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यात, ज्या क्षणी जेवढी वापरली जाते तेवढीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. दर सेकंदाला. हे जुळतंय की नाही ते कळतं फ्रिक्वेन्सीवरून, म्हणजे विजेचा प्रवाह सेकंदाला किती वेळा मागेपुढे होतो त्यावरून, बहुतेक देशांत ती ५० हर्ट्झ असते, अमेरिकेत ६०. समजा ५० हर्ट्झच्या ग्रिडमध्ये एक १,००० मेगावॉटचं केंद्र अचानक बंद पडलं. पहिल्या एक-दोन सेकंदांत कोणी काही करू शकत नाही. जुन्या केंद्रांमध्ये फिरणारे शेकडो टनांचे टर्बाइन आणि रोटर असतात, त्यांच्या फिरण्यात जी ताकद साठलेली असते ती आपोआप ग्रिडमध्ये ओढली जाते आणि ते किंचित हळू होतात, सायकल चढाला लागली की पॅडल न थांबवताही वेग पडतो तसंच. फ्रिक्वेन्सी ४९.८ वगैरे होते. मग काही सेकंदांत उरलेल्या केंद्रांचे व्हॉल्व जास्त उघडतात, हल्ली बॅटऱ्या त्याच्याही आधी सेकंदाच्या छोट्याशा भागात वीज सोडतात, आणि गाडी रुळावर येते. नाही आली आणि फ्रिक्वेन्सी ४९ च्या आसपास घसरली, तर मशीन कोणालाही न विचारता काही भागांची वीज कापायला सुरुवात करतं, कारण तसं केलं नाही तर सगळंच बसेल.

सोलर आणि आजच्या पवनचक्क्या ग्रिडला इन्व्हर्टरसारख्या इलेक्ट्रॉनिक्समधून जोडलेल्या असतात, सोलरला तो जड फिरता भागच नसतो आणि पवनचक्कीचा ग्रिडशी थेट बांधलेला नसतो. त्यामुळे कुठे लाइट गेले की लगेच खापर फुटतं रिन्यूएबलच्या डोक्यावर. हे प्रकरण मला नेहमीच नीट बघावंसं वाटतं, कारण चौकशीचा रिपोर्ट येतो तेव्हा कहाणी वेगळीच असते.

२८ एप्रिल २०२५ ला भर दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले. स्पेनमध्ये पाचेक सेकंदांत सुमारे १५,००० मेगावॉट गेले. त्या वेळी सोलर जोरात होतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत निकाल लागूनसुद्धा गेला होता की सूर्याने बुडवलं. तज्ज्ञांच्या चौकशीत निघालं काय, तर व्होल्टेज वाढत गेलं, त्यामुळे एकेक प्रकल्प स्वतःला वाचवायला ग्रिडमधून बाहेर पडला, तो बाहेर पडल्याने व्होल्टेज आणखी वाढलं, आणि साखळी सुरू झाली. व्होल्टेज आटोक्यात ठेवायची जबाबदारी जुन्या पद्धतीच्या केंद्रांवर होती आणि ते काम पुरेसं झालं नाही. आणि सोलर, पवनचे प्रकल्प? त्यांच्या इन्व्हर्टरला व्होल्टेज सांभाळता येतं, तेवढी अक्कल त्या यंत्रात आहे, पण स्पेनच्या नियमात त्यांना ते काम दिलेलंच नव्हतं, ते ठरलेल्या सेटिंगवर मुकाट चालत होते. सुधारित नियमाचं घोंगडं भिजत पडलेलं होतं, तो मंजूर झाला जून २०२५ मध्ये. वरातीमागून घोडं.

दक्षिण ऑस्ट्रेलियात २८ सप्टेंबर २०१६ ला असंच झालं होतं. वादळाने ट्रान्समिशनचे टॉवर आडवे केले, ग्रिडला लागोपाठ झटके बसले आणि बऱ्याच पवनचक्क्या बंद पडल्या. का, तर थोड्या वेळात ठरावीक संख्येपेक्षा जास्त झटके आले की बंद व्हायचं असं एक सेटिंग त्यांच्यात होतं आणि ग्रिड चालवणाऱ्यांना ते माहीतच नव्हतं! सेटिंग नंतर बदललं. राजकारण्यांची भांडणं मात्र पुढे कितीतरी महिने पवनचक्की चांगली की वाईट यावरच चालू राहिली.

आणि २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये कडाक्याच्या थंडीत लाइट गेले तेव्हा टीव्हीवर गोठलेल्या पवनचक्क्या दाखवत होते, पण सगळ्यात मोठा फटका बसला होता गॅसला, विहिरी, पाइप, केंद्रं सगळंच गारठलं होतं. सरकारी आकड्याप्रमाणे २४६ माणसं गेली त्यात. थंडीपासून बचावाची तयारी करा असं आधी सांगून झालं होतं, सक्ती मात्र नव्हती.

तर माझं मत असं की तंत्रज्ञान पुढे गेलंय आणि नियम लिहिणारे मागे राहिलेत, आणि ऊर्जेवरचे बहुतेक वाद आपण चुकीच्या जागी घालतोय.

संध्याकाळचा प्रश्न घ्या. दुपारी सोलरचा पूर येतो, आणि सूर्य मावळतो नेमका तेव्हाच लोक घरी येऊन सगळं चालू करतात. कॅलिफोर्नियाच्या ग्रिडवाल्यांनी २०१३ मध्ये याचा आलेख काढला, तो बदकासारखा दिसतो म्हणून डक कर्व्ह नाव पडलं. दुपारी वीज इतकी होते की घाऊक बाजारात भाव शून्याच्या खाली जातो, म्हणजे घ्या हो वीज आणि वर पैसेही घ्या. जर्मनीत २०२४ मध्ये असे ४५७ तास होते. यावर बॅटरी हा उपाय आता खरंच चालायला लागलाय, आणि हे मी उगाच आशावादी म्हणून सांगत नाहीये. २०१० मध्ये लिथियम बॅटरी पॅक एका किलोवॉट-तासाला १,००० डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये सरासरी ११५ वर आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात बॅटऱ्यांची क्षमता १०,००० मेगावॉटच्या पुढे गेली आणि एका संध्याकाळी थोडा वेळ का होईना, ग्रिडला सगळ्यात जास्त वीज बॅटऱ्यांकडून मिळाली.

पण या बॅटऱ्या साधारण चार तासांच्या. सलग आठवडाभर ढग आणि वारा बंद, तेही हिवाळ्यात, असं झालं तर त्या पुरत नाहीत, आणि जे लोक पुरतात म्हणून सांगतात ते हिशेब करत नाहीत. तिथे डोंगरावर पाणी चढवून ठेवणारे पंप्ड स्टोरेज, लांबच्या प्रदेशातून वीज आणणाऱ्या लाइनी, थोडा राखीव गॅस, आणि हो, अणुऊर्जा. चालू असलेल्या सुरक्षित अणुभट्ट्या कोळशाच्या आधी बंद करणं मला कधीच समजलं नाही, जर्मनीने शेवटच्या तीन १५ एप्रिल २०२३ ला बंद केल्या तेव्हा कोळसा चालूच होता. नवीन बांधण्याबद्दल मात्र मी हात राखून बोलेन. अमेरिकेत व्होग्टलच्या दोन भट्ट्या १४ अब्ज डॉलरच्या म्हणून सुरू केल्या, ३० अब्जांच्या वर गेल्या आणि सात वर्षं उशिरा २०२३-२४ मध्ये चालू झाल्या. फ्रान्सने १९७४ नंतर ठरावीक डिझाइनच्या भट्ट्या एकामागून एक बांधल्या आणि दीड-दोन दशकांत बहुतेक वीज त्यातून घ्यायला लागला. बांधायच्या तर तशा. दर वेळी नवा नकाशा आणि नवा ठेकेदार करणार असाल तर नकोच.

हायड्रोजनचं दोन वाक्यांत सांगतो. विजेपासून हायड्रोजन करून परत वीज केली तर निम्म्याहून बरीच जास्त ऊर्जा वाटेतच जाते, म्हणून कारसाठी किंवा घरं गरम करायला त्याचा नाद सोडा. खत आणि पोलाद, तिथे त्याला खरंच पर्याय कमी आहेत, तिथे वापरा.

आता ज्याच्यावर जास्त बोललं पाहिजे ते, वायरी. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२३ मध्ये हिशेब मांडला की जगभरात किमान ३,००० गिगावॉटचे रिन्यूएबल प्रकल्प ग्रिडचं कनेक्शन मिळायची वाट बघत रांगेत आहेत. एकट्या अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस सुमारे २,६०० गिगावॉट रांगेत होते, म्हणजे त्या देशात चालू असलेल्या सगळ्या केंद्रांच्या बेरजेच्या दुपटीने.

ही रांग तुंबते कशी ते बघण्यासारखं आहे. प्रकल्पवाला अर्ज करतो. ग्रिडवाले अभ्यास करतात की याला जोडलं तर कुठली लाइन, कुठला ट्रान्सफॉर्मर कमी पडेल. आधीच्या दहा जणांनी लाइनमधली शिल्लक जागा भरून टाकलेली असते, अकराव्याला सांगतात की तुझ्यामुळे आता सबस्टेशन वाढवावं लागणार, सगळा खर्च तू दे. त्याला ते परवडत नाही, तो बाहेर पडतो. तो बाहेर पडला की त्याच्या मागच्यांचे हिशेब बदलतात, त्यांचा अभ्यास पुन्हा. मग त्यातला एक बाहेर पडतो, पुन्हा अभ्यास. हे माहीत असल्यामुळे लोक काय करतात, पाच जागी अर्ज टाकून ठेवतात, जिथे स्वस्तात जमेल तिथे बांधू, बाकी सोडून देऊ. त्यामुळे रांग आणखी फुगते. २०२३ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या नियामकाने नियम बदलला, एकेकाचा अभ्यास बंद, गटाने करायचा, खर्च वाटून घ्यायचा, आणि जो तयार असेल तो आधी, नुसती चिठ्ठी लावून बसलेला नाही. यात कुठलंही नवं तंत्रज्ञान नाहीये. फक्त रांगेचा नियम.

लाइन बांधणं त्याहून अवघड. सोलर प्रकल्प एक-दोन वर्षांत उभा राहतो. न्यू मेक्सिकोतून ॲरिझोनात पवनऊर्जा नेणारी सनझिया लाइन पुढे आली २००६ मध्ये आणि बांधकाम सुरू झालं २०२३ मध्ये! लांबी साडेपाचशे मैल, आणि मधली सतरा वर्षं परवानग्या आणि कोर्टात गेली. चीनने १,१०० किलोव्होल्टची तीन हजारांहून जास्त किलोमीटरची लाइन या मानाने काही वर्षांत टाकली. आता चीनमध्ये जमीनमालकाने नाही म्हटलं तर काय होतं ते मला माहितीये, त्यामुळे तसं करा असं मी म्हणणार नाही. पण सतरा वर्षं चालणाऱ्या सुनावणीला लोकशाही म्हणायचं हेही मला जमत नाही. ज्याच्या जमिनीवरून तार जाते त्याला एकरकमी भरपाई देऊन विसरण्याऐवजी दरवर्षी वाटा द्या, आणि निर्णयाला, हो असो वा नाही, मुदत घाला. बरीचशी अडवणूक यानेच सुटेल असं मला वाटतं.

पैसे कोणी द्यायचे हा सगळ्यात वाकडा प्रश्न, आणि इथे रिन्यूएबलवाले आमचे मित्र जरा डोळेझाक करतात. विजेच्या बिलात तार, ट्रान्सफॉर्मर, माणसं, कर्ज यांचा खर्च असतो, तुम्ही किती युनिट वापरले त्याने तो फारसा बदलत नाही, पण बऱ्याच ठिकाणी तो वसूल मात्र युनिटमागेच होतो. ज्याच्याकडे स्वतःचं छप्पर आणि हातात पैसे आहेत तो सोलर लावतो, त्याचे युनिट कमी होतात, तारेचा खर्च तसाच राहतो, आणि तो पडतो भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यावर. पाकिस्तानात हे फार जोरात झालं. वीज महाग होती म्हणून २०२४ मध्ये तिथे सुमारे १७ गिगावॉटची पॅनेल आयात झाली, लोकांनी स्वतःच्या हिमतीवर लावली, याचं कौतुकच आहे. पण वीज घेतली नाही तरी केंद्रांना पैसे द्यायचे असे करार आधीच झालेले, ते पैसे आता उरलेल्या ग्राहकांकडूनच निघणार.

यावर स्पेनने २०१५ मध्ये उलटं टोक गाठलं होतं, घरच्या सोलरवरच आकार लावला, लोक त्याला सूर्यकर म्हणायचे, २०१८ मध्ये तो गेला. कॅलिफोर्नियात आधी घरच्या सोलरची वीज जवळपास किरकोळ भावाने घ्यायचे, एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या जोडण्यांना तो मोबदला एकदम खाली आणला, सोलर बसवणाऱ्यांच्या धंद्याचं कंबरडं मोडलं. दोन्ही मला धसमुसळे प्रकार वाटतात. तारेचा आकार वेगळा आणि उघड लावा, गरिबाला त्यात सूट द्या, आणि युनिटचा भाव वेळेप्रमाणे ठेवा, दुपारी स्वस्त, संध्याकाळी महाग. मग कोणी बॅटरी लावावी ते वेगळं सांगावं लागत नाही.

कार्बन टॅक्सचं काय, म्हणजे कोळसा-तेल जाळून जेवढा कार्बन हवेत सोडाल तेवढा कर, असं अर्थशास्त्र वाचलेले लोक विचारतात. कागदावर तो सगळ्यात चांगला, मीही मानतो. स्वीडनमध्ये १९९१ पासून टिकलाय. पण फ्रान्समध्ये २०१८ मध्ये इंधनावरच्या करवाढीने पिवळ्या जॅकेटवाल्या आंदोलकांना रस्त्यावर आणलं, आणि कॅनडात गोळा केलेल्या पैशांतला मोठा भाग लोकांच्या खात्यात परत येत असूनही १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरचा आकार काढून टाकावा लागला. पंपावरचा भाव रोज डोळ्यासमोर असतो, खात्यात आलेले पैसे कोणी बघत नाही. नॉर्वेने दुसरी वाट धरली, इलेक्ट्रिक गाडीवरचे कर १९९० च्या दशकापासूनच कमी करत नेले, पेट्रोल गाडीवरचे जबरदस्त ठेवले, आणि २०२४ मध्ये दहातल्या जवळपास नऊ नव्या गाड्या इलेक्ट्रिक होत्या. आपलं तेल मात्र बाहेर विकतातच ते, तो भाग सोयीने गाळला जातो.

सगळ्यात फुकटातली गोष्ट राहिली. पाणी तापवायचे मोठे टाकीवाले हीटर. ऑस्ट्रेलियात लाखो घरांत हे हीटर रात्री आपोआप चालू होतात, कारण कोळशाची केंद्रं रात्री बंद करता येत नव्हती आणि ती वीज खपवायची होती, म्हणून रात्रीचा दर स्वस्त ठेवून टायमर लावले. आता फुकटची वीज दुपारी असते, तीन घरांमागे एका छपरावर सोलर आहे, आणि टायमर बऱ्याच जागी अजून रात्रीच्याच वेळेवर. गरम पाण्याची टाकी ही तयार, पैसे वसूल झालेली साठवण आहे. ते टायमर दुपारवर आणायचं काम काही वीज कंपन्यांनी सुरू केलंय, मीटर बदलतील तसतसं हळूहळू चाललंय. या कामाचं उद्घाटन करायला कुठला मंत्री जाणार नाही, फीत कापायला काही नाहीच ना तिथे.